उलटा ठेवलेला चेहरा

बारावा फोटो मंगळवारी सकाळी आला, ठरल्यापेक्षा सहा दिवस उशिरा. अकरा फोटो रिटचरने आधीच करून दिले होते. प्रदर्शन रविवारी उघडणार होतं, शनिवारी फोटो भिंतीवर लागायचे होते आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता फ्रेमवाला येऊन हा शेवटचा घेऊन जाणार होता. म्हणजे हातात साडेतीन दिवस.

पेटी फोटोवाल्या बाईंनी स्वतः आणून दिली. एरवी त्या कुणाच्या तरी हाती पाठवत. आज तीन जिने चढून आल्या, दारातच दम घेत उभ्या राहिल्या आणि पुठ्ठ्याची ती चपटी पेटी त्यांनी दोन्ही हातांनी, भरलेलं ताट द्यावं तशी पुढे केली. वर चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईंच्या प्रत्येक फोटोबरोबर अशी चिठ्ठी असायची. ‘हनुवटीवरचा तीळ ठेवा.’ ‘कपाळावरची खोक ठेवा, तेवढी नाकावरची रेघ घालवा.’ या वेळी तिच्यावर एकच शब्द होता. ‘नेहमीसारखं.’

"काही ठेवायचं नाही?" रिटचरने विचारलं.

"तुम्हाला कळेल ते," बाई म्हणाल्या. मग जिन्यावरून मागे वळून म्हणाल्या, "तुम्हालाच कळेल."

रिटचरला ते कौतुक वाटलं. या वयात कौतुक वाट्याला आलं की माणूस ते तपासून घेत नाही.

त्याचं काम चार वाक्यांत सांगता येतं. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की तिथून उजेड पलीकडे जात नाही आणि छापलेल्या फोटोवर त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका बारीक ब्रशने, आजूबाजूच्या राखाडीला जुळेल अशा रंगाने भरायचा. एकदम नाही, टोचत टोचत. भरल्यावर तो कुठे होता हे भरणाऱ्यालाही सापडता कामा नये. बेचाळीस वर्षं तो हेच करत होता. बाकीचे सगळे कॉम्प्युटरकडे गेले होते. हाताने करणारा शहरात तो एकटाच उरला होता, आणि त्याला काम देणाऱ्याही बाई एकट्याच उरल्या होत्या. दोघं एकमेकांच्या आधाराने उभी होती.

बाई चेहरे काढत. लाकडी कॅमेरा, एका वेळी एकच निगेटिव्ह, काळा पडदा, आणि समोरच्या माणसाने डोळे मिटलेले. "डोळे उघडे असले की बघणारा लाजतो," त्या म्हणत. "आपण कुणाच्या तोंडाकडे तीन सेकंदांवर बघतच नाही. नजर चोरतो. म्हणून मी चोरी करणाऱ्याची सोय करते." प्रदर्शनाचं नावही त्यांनी ‘मिटलेले’ असं ठेवलं होतं. बारा माणसं, बारा चेहरे, खऱ्या चेहऱ्याच्या मापाचे.

रिटचरने मात्र काम पुरं होईपर्यंत त्यांतला एकही चेहरा पाहिला नव्हता. ही त्याच्या गुरूची शिकवण. एकोणिसाव्या वर्षी तो ज्या स्टुडिओत लागला, तिथल्या मालकाने पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर फोटो ठेवला आणि डोकं खाली, हनुवटी वर असा फिरवला. "चेहरा दिसला की हात त्याचं ऐकायला लागतो," मालक म्हणाले होते. "म्हातारीला तरुण करशील, रागावलेल्याला हसवशील. आपल्याला चेहऱ्याशी काय करायचंय? आपली सोयरीक राखाडीशी." तेव्हापासून त्याने एकही फोटो सरळ ठेवून केला नव्हता. उलट्या फोटोवर काळा जाड कागद, कागदात काडेपेटीएवढी खिडकी. खिडकीत जेवढं दिसेल तेवढं भरायचं, मग कागद एक खिडकी पुढे सरकवायचा. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, दळण दळल्यासारखं. बाईंना हे माहीत होतं, म्हणून त्या पेटीत फोटो ठेवतानाच उलटा ठेवत.

त्याने पेटी उघडली, पातळ कागद बाजूला केला आणि म्हणाला, "बापरे."

"काय झालं?" आतून बायकोने विचारलं.

"धूळ. गारा पडल्यासारखी धूळ."

बायको हात पुसत बाहेर आली, लांबूनच तिने नजर टाकली. उलट्या फोटोतलं तिला कधीच काही कळत नसे. "तुमच्या बाई कॅमेरा घेऊन पिठाच्या गिरणीत जातात की काय?" ती म्हणाली आणि परत आत गेली.

त्याने खिडकीचा कागद वर ठेवला, दिवा खाली ओढला, ब्रशचं टोक जिभेला लावलं आणि कामाला लागला.

*

त्याला धाकटी बहीण होती. घरात तिला बारकी म्हणत. आता ती बावन्न वर्षांची होती, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर लोकांच्या तक्रारी नोंदवून घ्यायची, पण नाव बारकीच राहिलं होतं. वीस मिनिटांच्या अंतरावर एका खोलीच्या घरात ती एकटी राहायची.

अकराव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पहिला पांढरा डाग उठला, तांदळाच्या दाण्याएवढा. वर्षभरात त्याचे वीस झाले. मोठे चट्टे तिला कधी पडले नाहीत. बारीक बारीक ठिपके, मीठ उधळावं तसे, कानशिलापासून गालावरून हनुवटीपर्यंत. डॉक्टर झाले, मलमं झाली, उन्हात बसवून झालं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, त्यापुढे वाढून पसरतही नव्हतं, फक्त दिसत होतं.

त्याच वर्षी घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला गेला, रिटचर ज्या स्टुडिओत शिकत होता तिथेच. फोटो ओला असतानाच आईने त्याला बाजूला घेतलं. "तेवढं जरा बघ हं," ती म्हणाली. तेवढं म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने एक रात्र आणि एक दिवस घालवला. वीसच्या वीस ठिपके असे गेले की मालकांनी भिंग लावून पाहिलं आणि त्याचा पगार सुरू केला. आईने फोटो छातीशी धरला. बारकीने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कोण?"

सगळे इतके हसले, की पुढे तो घरातला विनोदच होऊन बसला. बारकीचा शाळेचा फोटो आला, दादाने नीट केला, की कुणीतरी विचारणारच, "ही कोण?" नोकरीच्या अर्जाचा फोटो, मावशीच्या घरचा फोटो, आईच्या साठीचा फोटो. बारकी स्वतःच सगळ्यांच्या आधी विचारून टाकायची. मग हशा. चाळीस वर्षांत तिचा असा एकही फोटो नव्हता, जो भावाच्या हाताखालून गेला नाही.

ओळखपत्राचा फोटोही त्यानेच करून दिला होता. ते ओळखपत्र घेऊन ती एका कचेरीत गेली, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने एकदा कार्डाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, चुकून बहिणीचं कार्ड घेऊन आलात." दहा ते दीड ती बाकावर बसून होती. शेवटी रिटचरला बोलावणं गेलं. त्याने स्वतःचं कार्ड दाखवलं, ही माझीच बहीण म्हणून सही केली, तेव्हा सुटका झाली. येताना रस्त्यात ती म्हणाली, "आज तू नसतास ना दादा, तर मी मी नसते." दोघंही हसली होती. तो जास्त हसला होता.

*

बुधवार संपला तेव्हा निम्म्याहून जास्त खिडक्या बाकी होत्या. खाली बाकी राहिलेलं कपाळ स्वच्छ होतं, तिकडे धूळ जवळजवळ नव्हतीच. सगळा मारा एका बाजूला होता. रिटचरने त्याचंही कारण शोधून काढलं. निगेटिव्ह ज्या लाकडी खाचेत बसवतात, तिची एक कड झिजली असणार आणि तिकडून धूळ शिरली असणार. बेचाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

गुरुवारी सकाळी खिडकीत एक ठिपका आला, मसुराच्या डाळीएवढा. तिथे त्याचा हात थांबला. एवढी मोठी धूळ? त्याने भिंग लावलं. ठिपक्याची कड नरम होती. धुळीची कड तुटक असते. त्याने ब्रश खाली ठेवला, चष्मा पुसला. कागद उचलून फोटो फिरवून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने विचार केला, जुनी फिल्म आहे, वरचा थर उडाला असेल. ब्रश जिभेला लावला आणि तो ठिपका भरायला पाऊण तास घेतला. मनासारखा भरला गेला.

दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, आपली तक्रार काय आहे?" बारकी कचेरीतल्या आवाजात म्हणाली.

"तक्रार अशी की नळाला पाणी नाही आणि माझ्याकडे वेळ नाही. बोल."

"काय करतोयस?"

"बाईंचा बारावा. उद्या चारला द्यायचाय."

"कोणाचा आहे?"

"असेल कुणी. पुरुष की बाई तेसुद्धा मी बघितलेलं नाही. धूळ एवढी आहे की विचारू नकोस. भरून भरून बोटं वाकडी झाली."

पलीकडे काही ऐकू आलं नाही. रिटचरला वाटलं, फोन तुटला. "हॅलो?"

"आहे मी," ती म्हणाली. "भरतोयस?"

"मग काय, आरती करतोय?"

"बघ ना एकदा. सरळ करून."

"झाल्यावर बघेन. तुला माहीत आहे ना माझं."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणतेय. एकदा बघ, दादा."

"अगं, चेहरा बघितला की हात बिघडतो. तू आपली पाण्याच्या तक्रारी बघ. शनिवारी येतेस ना प्रदर्शनाच्या जागी? बाई म्हणाल्या, तुलाही बोलावलंय."

"येते," ती म्हणाली. "मी येणारच आहे."

बाईंनी बारकीला का बोलावलं असेल, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. त्याने फोन ठेवला आणि कागद एक खिडकी पुढे सरकवला.

*

शुक्रवारी दुपारी एकला शेवटचा ठिपका भरून झाला. त्याने ब्रश धुतला, बशी धुतली, पाठ सरळ केली. मग खिडकीचा कागद उचलला, फोटो दोन्ही हातांनी धरून गोल फिरवला आणि दिव्याखाली सरळ ठेवला.

"अरे!" तो मोठ्याने म्हणाला. "बारकी!"

रस्त्यात अचानक आपलं माणूस भेटावं तसा त्याला आनंद झाला. डोळे मिटलेली, केस मागे ओढून बांधलेले, ओठ किंचित उघडे. तीच होती. शंकाच नको. बायको धावत आली. "अगबाई, वन्सं!" ती म्हणाली. "काय सुंदर आल्यात. कधी काढला हा? बोलल्या नाहीत त्या." तिने वाकून पाहिलं. फोटोकडे, मग टेबलावरच्या बशीकडे, मग नवऱ्याच्या बोटांवरच्या राखाडी डागांकडे.

"तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली.

तोपर्यंत त्याला कळलेलं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा कळलं.

तो खुर्चीत बसला. साडेतीन दिवस त्याच्या हाताखाली ती होती. कडेची धूळ, झिजलेली खाच, उडालेला थर. एकेका ठिपक्याला त्याने कारण दिलं होतं, आणि ज्या चेहऱ्यावर ते चाळीस वर्षं होते तो चेहरा काही त्याला आठवला नव्हता. ठिपके होते तोवर ती त्याला परकी होती. ठिपके गेले आणि ती त्याच्या ओळखीची झाली.

"धुता येईल?" बायकोने विचारलं.

"येईल. रंग ताजा आहे. दोन तास पाण्यात ठेवला की बराचसा निघेल."

"मग ठेवा ना. बाईंना फोन करा. फ्रेमवाल्याला म्हणावं, उद्या ये."

सव्वा वाजला होता. त्याने मोठा ट्रे काढला, नळाखाली धरून भरला आणि टेबलावर आणून ठेवला. पाणी हलायचं थांबलं. फोटो शेजारी होता. फक्त उचलून पाण्यात सोडायचा होता. तो बघत उभा राहिला.

आईच्या छातीशी होता तो हा चेहरा. घराच्या भिंतीवर चाळीस वर्षं होता तो हा. या चेहऱ्याकडे कुणी दोनदा वळून पाहिलं नव्हतं, याच्या शेजारच्या खुर्चीवरून कुणी उठून गेलं नव्हतं. हा बाकावर दहा ते दीड बसला नव्हता. आणि काम उत्तम झालं होतं. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं, हे त्याला दिसत होतं. भिंग लावूनही ठिपका सापडला नसता.

तीन वाजता त्याने ट्रेमधलं पाणी मोरीत ओतून दिलं.

"वेळ उरला नाही," तो बायकोला म्हणाला. तोपर्यंत ते खरं झालं होतं.

चारला फ्रेमवाला आला. "वा," तो म्हणाला. "एक डाग नाही." आणि फोटो घेऊन गेला.

*

शनिवारी अकराला तो प्रदर्शनाच्या जागी पोचला. फ्रेमांवरचे ओरखडे झाकायला त्याला नेहमी बोलावत. निघताना बायको म्हणाली होती, "मोतीबिंदू झालाय म्हणा. नाहीतरी डॉक्टर म्हणालेच होते, सुरुवात आहे."

लांबट हॉल, पांढऱ्या भिंती, जमिनीवर पडलेली शिडी आणि खिळ्यांचा डबा. अकरा फोटो वर लागले होते. बारावा खाली भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर बारकी उकिडवी बसली होती. चांगले कपडे घालून आली होती. रजा टाकली असणार. बाई शिडीजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी रिटचरकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बारकीने मागे न बघता विचारलं, "ही कोण?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी हसलं नाही.

"मी चिठ्ठीत लिहिणार होते," बाई म्हणाल्या. "सगळं ठेवा, म्हणून. हिनेच लिहू दिलं नाही."

"म्हटलं, परक्यांचं सांगावं लागतं, हे ठेवा, ते ठेवा," बारकी उठत म्हणाली. तिचे गुडघे वाजले. "दादाला काय सांगायचं? त्याला एकूण एक पाठ आहेत. त्यानेच तर जन्मभर पुसलेत." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला वाटलं, चार दिवस तुझ्या टेबलावर राहीन. चार दिवस, भिंग लावून. एवढा वेळ मला कोण बघणार आहे दुसरं? आईनेसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, दादा पेटी उघडेल, दचकेल, मग फोन करेल. काय बोलेल ते बोलू दे. मी तीन दिवस फोनजवळ बसून होते, माहीत आहे? शेवटी मीच केला."

"बारके—"

"एकच सांग. ओळखलंस की नाही?"

ओळखलं म्हणावं, तर जाणूनबुजून पुसलं असं होत होतं. नाही म्हणावं, तर सख्खी बहीण साडेतीन दिवस डोळ्यांपुढे असून दिसली नाही असं होत होतं. दोन्हीकडून काटा तिलाच लागणार होता. मोतीबिंदूचं त्याच्या ओठांपर्यंत आलं. बारकी त्याच्याकडे बघत होती. तक्रार ऐकून घेताना ती अशीच बसत असेल, पेन हातात धरून, असं त्याला वाटलं.

"ओळखलं," तो म्हणाला. "शेवटचा भरून झाल्यावर. सरळ केला तेव्हा."

"किती वाजता?"

"एकला."

"आणि फ्रेमवाला?"

"चारला."

"धुता आला असता?" हे तिने बाईंना विचारलं. बाईंनी मान हलवली. "आला असता."

"पाणीसुद्धा भरलं होतं," रिटचर म्हणाला. का म्हणाला, ते त्याला कळलं नाही. बहुधा आपल्या बाजूने काहीतरी म्हणायचं म्हणून.

बारकीने मान डोलावली, नोंद करून घेतल्यासारखी. "म्हणजे ओळखलंस," ती म्हणाली आणि फोटोकडे बोट केलं. "हिला."

बाई पुढे आल्या. निगेटिव्ह आहे, त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत दुसरा छापते, धूळ असेल ती असू दे, कुणाच्या हाताखाली जायला नको. बारकीने ऐकून घेतलं. "नको," ती म्हणाली. "बघायला माझी माणसंच यायची. त्यांना धूळ कुठली आणि मी कुठली हे कोण सांगत बसणार? सख्ख्या भावाला कळलं नाही." तिने खुर्चीवरची पिशवी उचलली. दारापर्यंत ती नेहमीच्या चालीने गेली. बाहेर रस्त्यावर एक जण तिच्याकडे बघून पुन्हा वळून बघताना रिटचरला काचेतून दिसला.

"घेऊन जा हा," बाई फोटोकडे न बघता म्हणाल्या. "हा माझा नाही."

प्रदर्शन रविवारी सकाळी अकराच फोटोंचं उघडलं. बारावा खिळा भिंतीत तसाच राहिला होता.

*

रविवारी सकाळी त्याने फ्रेम उघडून फोटो पाण्यात टाकला. आता दोन दिवस झाले होते, रंग मुरला होता. काही ठिपके उजळले, काही तसेच राहिले, काहींभोवती राखाडी कडं धरलं. ओल्या कागदावर डोळे मिटून पडलेली ती बाई आता धड ही नव्हती, धड ती नव्हती. बायकोने ट्रेमध्ये डोकावून पाहिलं आणि खिडकी उघडली.

भिंतीवरचा घरच्या सगळ्यांचा फोटो काढून त्याने त्यात बारकीला पाहिलं. मग कपाटातले सगळे फोटो काढले. एक तरी असेल, त्याने हात न लावलेला. नव्हता. टेबलाशी बसून त्याने कोऱ्या कागदावर पेन्सिल टेकवली, तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ठिपके त्याला पाठ होते. एका खिडकीत तीन, तिच्या शेजारच्या खिडकीत सात आणि कडेला एक लांबट, बाराव्या खिडकीत तो मसुराएवढा. हाताने ते एकामागून एक कागदावर उतरवले, जागच्या जागी, उलटे. चेहरा तेवढा काढता येईना.

चारच्या सुमाराला तो बारकीच्या घरी गेला. तिने दार साखळी न काढता उघडलं.

"कचेरी बंद आहे," ती कामाच्या आवाजात म्हणाली. "तक्रार उद्या दहानंतर."

"उघड, बारके."

तिने दार पुढे लोटलं. मग साखळी काढली. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतींवर एकही फोटो नव्हता. तो इथे कितीदा तरी आला होता, पण हे त्याच्या आजच लक्षात आलं. बारकीने एक खुर्ची खिडकीशी ओढली, दुसरी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीच्या उजेडात बसली.

"बस. चष्मा आणलास?"

"आहे."

"घाल. माफी मागायला आला असशील तर मागू नकोस. चहा विचारणार नाही. पाच मिनिटं बघ, मग जा."

टेबलावरचं घड्याळ तिने दोघांना दिसेल असं फिरवलं. डोळे मात्र मिटले नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली.

तो बघायला लागला. डोळ्याच्या कोपऱ्यात पहिला, तांदळाएवढा, आता थोडा लांबट झालेला. त्याच्याखाली तीन. नजर तिथून पुढच्या सातांवर गेली, तिथून कडेच्या लांबटावर, काडेपेटीएवढं अंतर तोडत. तिच्या डोळ्यांशी आली की घसरायची आणि परत गालावर जायची. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांना चिकटले.

"जीभ आत घे," बारकी म्हणाली.

त्याने जीभ आत घेतली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. घड्याळात दीड मिनिट झालं होतं. त्याने पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश, काही सुटू नये म्हणून. हनुवटीपर्यंत आला. पण हे कुणाचं, ते जुळेना. थोडं अजून बघितलं तर जुळेल असं त्याला वाटलं, आणि तो अजून बघू लागला. खोली किंचित कलली, खिडकीची चौकट तिरपी झाली.

"दादा," ती म्हणाली. "मान सरळ ठेव."